एका माणसापुरता फुटपाथ

आमच्या पाड्याजवळचा फुटपाथ अरुंद आहे, याला इंजिनीअर जबाबदार नाही. मी आहे. पाड्यावरची माणसं त्या बिचाऱ्याला शिव्या घालतात आणि मी गप्प बसून ऐकते, म्हणून हे लिहून ठेवते.

जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यापासून दोन शेतं आत आमचा पाडा आहे. पूर्वी हा रस्ता म्हणजे मधे डांबराची पट्टी आणि दोन्ही बाजूंना खडी. नाशिककडचे ट्रक, एसटी, खच्चून भरलेल्या जिपा, सुटीच्या दिवशी धबधबे बघायला येणाऱ्यांच्या गाड्या, सगळं त्या पट्टीवरून. आम्ही खडीतून. ट्रक आला की दरडीला पाठ लावून उभं राहायचं, गेला की तोंडावरची धूळ पुसून पुढं चालायचं.

मी आणि माझी मोठी जाऊ त्या खडीतून आयुष्यभर चाललो. ती पुढे, मी मागे. डोक्यावर कधी सरपण, कधी करवंदं, कधी नागलीचं बोचकं. आमच्याकडे बायका एकीमागे एकच चालतात. बांधावर आणि रानात वाट तेवढीच असते, आणि रुंद रस्त्यावर आलं तरी ती सवय सुटत नाही. पुढचीनं समोर बघत बोलायचं, मागचीनं ऐकायचं. मी तिच्या तोंडापेक्षा तिची पाठ जास्त बघितली. आज घरात भांडण झालंय की नुसतं पोट दुखतंय, हे मला तिच्या पाठीवरून कळायचं.

चार वर्षांपूर्वी ती अंगणात घसरली आणि कमरेचं हाड मोडलं. तिच्या मुलानं वसईला आपल्याकडं नेलं. हाड जुळलं, पण एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताला कुणाचा तरी दंड, असं तिचं चालणं झालं. तिथं खोलीला एक खिडकी आहे आणि खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते, असं ती फोनवर सांगायची.

"मला तिकडं यायचंय गो."

"मग ये की. कोण अडवतंय?"

"येऊन घरात कोंडून बसायचं तर ही कोंडी काय वाईट आहे? त्या खडीत मी काठी कुठं टेकू? रस्ता नीट होऊ दे. रोज दुकानापर्यंत चालता आलं तर येते, मग परत जात नाय."

हे तिचं बोलणं मी धरून बसले. मी रडणारी बाई नाही. पण बाजारातून एकटी येताना मी पुढं बघून गप्प चालायचे आणि समोर कुणी नसायचं.

मग रस्ता मोठा करायचं निघालं. शाळेच्या पडवीत सभा झाली. तरुण इंजिनीअर आला होता, त्यानं भिंतीला नकाशा लावला आणि एकेकाला विचारत गेला. जीपवाले म्हणाले, वळणावर आरसा लावा. सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरी म्हणाल्या, ट्रक अंगावर येतात, आम्हाला वेगळी पट्टी द्या. एसटीला वळण सोडून सरळ भागात थांबा ठरला, शेड आणि ओटा धरून. तो थांबा आमच्या पाड्याच्या वाटेपासून जरा लांब जात होता, पण वळणावर गाडी उभी करणं धोक्याचंच.

"आणि चालणारे?" इंजिनीअरनं विचारलं.

चालणाऱ्याला काय पाहिजे, हे आम्हाला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मी उठले.

"आजी, फुटपाथ किती रुंद हवा?"

मी दोन्ही हात खांद्यांच्या बाजूला धरले. "एवढा. एक माणूस आणि डोक्यावरचा भारा."

"थोडा जास्त ठेवू ना. दोघं शेजारी चालतील एवढा."

"कशाला? आम्ही काय वरातीत चालतो?"

सगळी पडवी हसली. बायकांनी माना डोलावल्या. एका बाजूला दरड होती, फुटपाथ रुंद केला असता तर ती आणखी फोडावी लागली असती. इंजिनीअरनं पुन्हा एकदा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. मी घरी येऊन जावेला फोन केला, तुझं काम करून आले म्हणून.

रस्ता चांगला झाला, हे सांगितलंच पाहिजे. सिमेंटचा, सपाट. सायकलच्या पट्टीला पांढरी रेघ. आमच्या बाजूला, थांब्यापासून पाड्याच्या वाटेपर्यंत फुटपाथ. एकीकडे दरडीची भिंत, दुसरीकडे ट्रकपासून आडोसा म्हणून लोखंडी कठडा. पहिल्यांदा त्यावरून चालले तेव्हा मला फार बरं वाटलं. ट्रक जात होते आणि मी थांबत नव्हते.

दिवाळी झाल्यावर जाऊ आली. मुलगा बरोबर होता, तिची ट्रंकही होती. ट्रंक बघून मी समजले, राहायला आली आहे. थांब्याचा ओटा उंच होता, तिला गाडीतून उतरायला त्रास झाला नाही. मुलाला ट्रंक घेऊन पुढं पाठवलं आणि मी तिचा दंड धरून फुटपाथला लागले.

मावेचना. भिंतीला तिचा खांदा घासायचा, कठड्याला माझी कंबर.

"तू पुढं हो," ती म्हणाली. "मी तुझ्या खांद्याला धरते."

मी पुढं झाले. तिनं मागून हात टेकला. दहा पावलं गेलो नाही तोच तिचा सगळा भार माझ्यावर आला आणि मी गुडघ्यावर बसले. तिनं कठडा धरला म्हणून ती वाचली, पण नुसत्या कठड्याच्या आधारानं तिला पाऊल टाकता येईना.

"उठ, म्हातारे," ती म्हणाली. "मला तुझी पाठ बघायची सवय नाय."

मग कठडा सुरू होतो तिथपर्यंत मागं आलो आणि खाली सायकलच्या पट्टीवर उतरलो. तिथं दोघी शेजारी मावलो. मागून शाळेच्या पोरी घंट्या वाजवायला लागल्या. एक मोटारसायकलवाला त्याच पट्टीवरून घुसत आला आणि ओरडला, "आजी, फुटपाथ कशाला बांधलाय?" पोरी मात्र शहाण्या. त्या सायकलवरून उतरल्या आणि पाड्याच्या वाटेपर्यंत आमच्या मागून चालत आल्या.

घरी पाणी पिऊन झाल्यावर तिनं विचारलं, "एवढीशी वाट कुणी काढली गो?"

"मी."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "एवढं वय झालं, आपण एकदा तरी शेजारी चाललो का? तुझा काय दोष."

आठ दिवस ती राहिली, पण पुन्हा रस्त्याकडं गेली नाही. अंगणात बसायची, ट्रकचा आवाज ऐकायची. नवव्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. आठ दिवस माझीच लुगडी नेसली, ट्रंक उघडलीच नव्हती, तशीच उचलली.

रस्त्याच्या पलीकडच्या बाजूचं काम अजून व्हायचं आहे. मी इंजिनीअरला गाठलं. म्हटलं, "तिकडं दोन माणसांचा करा. मी सभेत चुकीचं सांगितलं."

तो म्हणाला, "आजी, तिकडं उतार आहे. भराव घालावा लागेल, नाहीतर गाड्यांची जागा कमी करावी लागेल."

"मग करा कमी. गाड्यांना कुणाचा दंड धरायचा नसतो."

तो हसला, पण यावेळी वहीत काही लिहिलं नाही. बघतो म्हणाला.

जाऊ फोनवर आता तब्येतीचं बोलत नाही. "दोघींचा झाला का?" एवढंच विचारते. परवा माझ्या अगदी ओठावर आलं होतं, झाला म्हणून सांगावं. ती दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन निघाली असती, आणि मी थांब्यावर उभी राहिले असते.

"नाय झाला," मी म्हटलं. "अजून चुन्याची रेघसुद्धा मारली नाय."

"बरं," ती म्हणाली. "ट्रंक भरलेलीच आहे."