कॉम्प्युटरनं विचारलंच नाही!

किस्से जमवायला म्हणून मी कधी कुठे गेले नाही. माझं काम ऑफिसातले कॉम्प्युटर चालू ठेवणं. त्यातला बराच वेळ टेबलाखाली, वायरींच्या गुंत्यात जातो. आणि टेबलाखाली वैशाली बसलीय हे वरचे लोक थोड्या वेळात साफ विसरतात. मग जे कानावर पडतं ते पडतं! मी काही ऐकायला बसलेली नसते. पण वायर शोधताना कान थोडेच बंद ठेवता येतात?

आमचं ऑफिस बेलापूरला. न्हावा शेवा बंदरात उतरणारा आणि तिथून बाहेर जाणारा माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा धंदा. दिवसभर मेल येतात, मेलसोबत फाइली येतात. बाहेरून आलेली फाईल उघडायला गेलं की कॉम्प्युटर आधी सावध करतो. वर पिवळी पट्टी येते, नाहीतर मधोमध एक चौकोन येतो: ही बाहेरून आलीय, खात्री आहे का? आमच्या ऑफिसातले निम्मे किस्से या एका प्रश्नाचे आहेत.

*

पहिला मान मालकांचा. दळवी साहेब मूळचे मालवणकडचे, धंद्यात मुरलेले, पण कॉम्प्युटरशी नातं अंतर राखून. एकदा मी त्यांच्या केबिनमध्ये माऊस बदलत होते. त्यांनी एक फाईल उघडली, वर पिवळी पट्टी आली. साहेबांनी ती तशीच ठेवून वाचायला सुरुवात केली. मग एक आकडा बदलायला गेले आणि बदलता येईना, म्हणून चिडले.

मी म्हटलं, "साहेब, ती पिवळी पट्टी आहे ना, ती सूचना आहे. फाईल बाहेरून आलीय म्हणून तिनं अडवलंय."

साहेबांनी पट्टी पुन्हा नीट बघितली. मग विचारलं, "ही सगळ्यांना येते?"

"सगळ्यांना येते."

"अस्सं! मला वाटलं, मालकाला असते."

*

याच्या अगदी उलट आमचे भिडे काका. अकाउंट्स सांभाळतात. निवृत्तीला आलेले, कडक इस्त्रीचे, आणि कॉम्प्युटर जे विचारेल त्याला मनापासून उत्तर देणारे. 'खात्री आहे का?' असं स्क्रीनवर आलं की आम्ही बाकीचे न वाचता 'येस' दाबतो. काका वाचतात. विचार करतात. आणि 'नो' दाबतात.

एकदा दळवी साहेबांनीच त्यांना एक फाईल पाठवली. दुपारपर्यंत उत्तर नाही. साहेब केबिनमधून बाहेर आले. "भिडे, फाईल बघितली का?"

"नाही उघडली, साहेब."

"अहो, मी पाठवलीय! माझ्यावर विश्वास नाही?"

"विश्वास आहे ना," काका शांतपणे म्हणाले. "पण तो खात्री विचारतोय."

*

ट्रान्सपोर्टचं काम जनादादांकडे. सारसोळ्याचे कोळी. खाडीवरची होडी भाऊ बघतो, गाड्या हे बघतात. कुठला कंटेनर कुठल्या ट्रेलरवर चढलाय हे त्यांच्या डोक्यात असतं. कॉम्प्युटर मात्र त्यांना टेबलावर उगाच ठेवलेला वाटतो.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. स्क्रीनवर तोच चौकोन आला होता. दादांनी बोट ठेवून विचारलं, "ताई, ह्यो काय म्हनतंय?"

मी मराठीत सांगितलं. "दादा, तो म्हणतोय, ही फाईल उघडली तर कॉम्प्युटरला धोका आहे."

दादांनी नीट ऐकून घेतलं. "कॉम्प्युटरला ना? मना काय नाय ना होनार?"

"तुम्हाला काही नाही."

"मंग उघड!"

*

आता खरा प्रसंग. तो सांगताना आज हसू येतं, त्या दिवशी नव्हतं आलं.

सकाळचा चहा नुकताच झाला होता. डॉक्युमेंटेशनची नफीसा मला म्हणाली, "वैशाली, इकडे ये. भिडे काकांनी मला 'डिअर' म्हटलंय."

नफीसा उरणची. ती आणि काका शेजारशेजारच्या टेबलांवर बसतात, आणि काका तिला आजही 'नफीसाताई, आपण' असंच म्हणतात. मी जाऊन बघितलं. काकांच्या नावानं इंग्रजीत मेल होता: 'हॅलो डिअर, कसे आहात? खूप दिवसांत बोलणं नाही. सोबतची फाईल बघा.'

"खूप दिवसांत?" नफीसा हसत म्हणाली. "आत्ता माझ्याकडून स्टेपलर घेतला त्यांनी!"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आमच्याकडून माल सोडवून घेणाऱ्या एका पार्टीलाही काकांचा तोच मेल गेला होता. मग दुसरा फोन आला. नफीसाचं हसू गेलं. मी हलायच्या आत तिनं वाकून काकांच्या कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली.

काका कीबोर्डवरून हात उचलून बसले होते, गरम तव्याला हात लागल्यासारखे. "मी नाही पाठवला," ते म्हणाले. "मी कुणालाच असं लिहीत नाही."

हळूहळू उलगडा झाला. जहाज आल्याची सूचना म्हणून काकांना सकाळी एक झिप फाईल आली होती. तिच्या आत आणखी एक झिप, आणि तिच्या आत एक कागद. कागद उघडला तर कोरा. काकांना वाटलं, पाठवणाऱ्याची चूक झाली असेल. इकडे त्या कागदाच्या मागून जे आत शिरलं होतं ते काकांची पत्त्यांची यादी उघडून, त्यांच्या नावानं, ज्याला त्याला मेल करत सुटलं होतं. प्रत्येक मेलला तीच फाईल जोडलेली.

*

मग सगळे फोनवर बसलो. कुणी ती फाईल उघडायच्या आत सांगायला हवं होतं. एखाद्या पार्टीचे कॉम्प्युटर बसले असते तर तिचा माल बंदरात अडकला असता, आणि नाव आमचं गेलं असतं.

काकांनी हट्टानं स्वतःच्या पार्ट्यांना स्वतः फोन केले. "भिडे बोलतोय. माझ्या नावानं मेल आला असेल तर कृपया उघडू नका." हेच, याच आवाजात, परत परत.

एक पार्टी हसून म्हणाली, "साहेब, मी लगेच ओळखलं! तुमच्या मेलमध्ये 'कसे आहात' कधी असतं का?"

काकांनी "बरोबर आहे" म्हणून फोन ठेवला, पण पुढचा नंबर लावायला थोडा वेळ घेतला.

जनादादांकडे कळंबोलीचे ट्रान्सपोर्टवाले होते. दादांचा आवाज अख्ख्या मजल्यावर ऐकू जात होता. "अरे, भिडेसाहेबांचा मेल आला तर उघडू नको! ... मेल! ... अरे मेल रे, कॉम्प्युटरवर येतो तो! ... बरं बरं."

त्यांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, "ताई, कळंबोलीचं टेन्शन नको. तिथं कोन मेल उघडतच नाय!"

*

फोन संपले. कुणी फाईल उघडली नव्हती, निदान ज्यांच्याशी बोलणं झालं त्यांनी तरी नाही. आता दळवी साहेब काकांच्या टेबलापाशी उभे राहिले.

"भिडे, दुसरं कुणी असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण तुम्ही?"

"साहेब, त्यानं विचारलंच नाही."

"सगळ्यांना विचारतो तो."

"मला विचारलं नाही."

साहेब मान हलवत केबिनमध्ये गेले. खरं सांगायचं तर कुणालाच पटलं नव्हतं. माणूस घाईत दाबतो आणि मग आठवत नाही, हे मी रोज बघते. पण त्या दुपारी काकांनी डबा उघडला नाही. खिडकीपाशी उभे राहिले होते, पारसिकच्या डोंगराकडे बघत. मला राहवेना. उभ्या आयुष्यात ज्या माणसानं न वाचता 'येस' दाबलं नाही, तो याच वेळी कसा दाबेल?

मी एक जुना कॉम्प्युटर बाजूला काढला. साधा, निरुपद्रवी कागद तयार केला, मेलनं स्वतःलाच पाठवला, उघडला. पिवळी पट्टी आली. मग तोच कागद एका झिपमध्ये घातला, ती झिप दुसऱ्या झिपमध्ये, आणि पुन्हा पाठवला. आमच्याकडे झिप उघडायचं जे फुकटचं सॉफ्टवेअर होतं त्यानंच उघडला.

कागद सरळ उघडला. पट्टी नाही, चौकोन नाही, काही नाही.

मी साहेबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर पुन्हा केलं. साहेब स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. "पट्टी कुठंय?"

"नाही आली, साहेब."

मागे भिडे काका येऊन उभे होते. त्यांनी चष्मा नीट केला आणि एवढंच म्हणाले, "बघा."

संध्याकाळी शोधाशोध केली तेव्हा कळलं, त्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक असल्याचं बनवणाऱ्यांनी मान्य केलं होतं, दुरुस्त केलेलं नवं व्हर्जनही काढलं होतं. फक्त ते आपोआप येत नाही, प्रत्येक कॉम्प्युटरवर हातानं टाकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना समजावायला लागले. बाहेरून आलेल्या फाइलीवर कॉम्प्युटर न दिसणारी खूण करतो, झिपमधून आतली फाईल काढली की ती खूण तिच्यावरही उतरायला हवी, ती उतरत नव्हती, वगैरे. सगळे माना डोलावत होते आणि कुणालाच कळत नव्हतं.

नफीसा म्हणाली, "अगं, सोपं सांग ना. खोक्यात खोकं. 'बाहेरचा माल' असा शिक्का बाहेरच्या खोक्यावर. ते फाडून फेकलं, शिक्का त्याच्याबरोबर कचऱ्यात. आतलं खोकं बघणाऱ्याला वाटलं, हा घरचाच माल!"

"मग एवढा वेळ हीच का बोलत होती?" साहेबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

*

दळवी साहेबांना सॉरी म्हणता येत नाही. कुणी ऐकलेलं नाही. पण त्या दुपारी ते डबा घेऊन केबिनच्या बाहेर आले आणि काकांच्या समोरची खुर्ची ओढून बसले. काका शाकाहारी. साहेबांचा डबा म्हणजे बांगडा नाहीतर सुरमई. काकांनी सवयीनं आपला डबा जरा बाजूला सरकवला.

साहेबांनी झाकण काढलं. आत काजूची उसळ!

नफीसानं मला कोपरानं ढोसलं. जनादादा हळूच म्हणाले, "मालक आज उपाशी ऱ्हाले वाटतं."

साहेबांनी अर्धी उसळ काकांच्या डब्यात वाढली. "घ्या. वाईट वाटून घेऊ नका."

काकांनी एक घास घेतला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले, आणि दोघं जेवायला लागले.

*

पुढे साहेबांनी फर्मान काढलं: "यापुढे बाहेरून आलेलं काहीही मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही!" आवाज असा होता की कुणी शंका विचारली नाही.

साहेब दोन दिवस पुण्याला गेले. परत आले तर टेबलावर कुरिअरच्या पाकिटांचा ढीग, सगळी बंद. एका पाकिटात ज्या कागदांची एक पार्टी आदल्या दिवसापासून वाट बघत होती तेच कागद!

"नफीसा! हे काय आहे?"

"बाहेरून आलंय, साहेब," नफीसा म्हणाली. "उघडू?"

*

आणि आता शेवटचा. हा मी मुद्दाम मागे ठेवलाय.

त्या गोंधळाला आठवडा होऊन गेला होता. काकांचा कॉम्प्युटर पुसून, नव्यानं सगळं टाकून मी त्यांना परत दिला. मेल उतरत होते. मी टेबलाखाली वायर बांधत होते, वर काका बसलेले. बराच वेळ त्यांची काही हालचाल नाही, म्हणून मी डोकं वर काढलं.

"काय झालं, काका?"

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुणा मोकाशींचं उत्तर आलं होतं. मराठीत, साधं: 'तुझा मेल आत्ता बघितला. मी बरा आहे. गुडघे दुखतात. तू कसा आहेस? फाईल उघडायला जमली नाही. मुलगा रविवारी येईल तेव्हा त्याच्याकडून उघडून घेतो.'

मोकाशी कोण, ते मला नंतर नफीसानं सांगितलं. भिडे आणि मोकाशी या ऑफिसात बरोबरच लागले. एकाच टेबलावर काम, एकाच डब्यातलं जेवण. मग काहीतरी बिनसलं. कशावरून, ते साहेबांनाही माहीत नाही. मोकाशी नोकरी सोडून रोह्याला गेले. त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. त्या दिवशी फोन करताना काकांनी मोकाशींचा नंबर लावलाच नव्हता. मेल त्यांनाही गेला असेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल, की आलं असेल, कोण जाणे.

मी म्हटलं, "काका, रविवारच्या आत फोन करायला हवा. फाईल उघडली तर पंचाईत."

"हो. करायला हवा," काका म्हणाले. फोन त्यांच्या पुढ्यातच होता. त्यांनी शर्टाची बाही सारखी केली, घसा खाकरला आणि नंबर लावला. त्यांना तो शोधावा लागला नाही.

मी परत टेबलाखाली गेले. वायर बांधून झाली होती, तरी बांधत बसले.

"मोकाशी? ... भिडे. ... हो, मीच."

बराच वेळ पलीकडचे बोलत होते. काका नुसतं "हं, हं" करत होते.

मग म्हणाले, "हे बघ, ती फाईल उघडू नकोस. मुलालाही सांग. ती माझी नाही, काहीतरी गडबडीनं जोडली गेलीय. ... नाही, नाही. फाईल तेवढी माझी नाही."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"वरचं लिहिलेलं ना? ते मीच लिहिलंय."