ओढ्याकाठच्या खुंट्या

ती घटना आजही आठवली की डोकं तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता. नगरपालिकेच्या खुंट्या चोरीला गेल्या होत्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. नगरपालिकेला नवी इमारत बांधायची होती आणि जागेवरून नुसता घोळ चालला होता. बाजारतळाजवळची जागा महाग, स्टँडमागची अपुरी. शेवटी ओढ्याकाठची सरकारी जमीन फुकटात मिळतेय म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं. पाहणी समिती चहा-नाश्ता उरकून, उन्हं चांगली वर आल्यावर तिथं गेली आणि 'जागा मोकळी, वापरात नाही' असा शेरा मारून परतली.

ओव्हरसियरनं आखणी करून लाल टोकांच्या लाकडी खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी एकही जागेवर नाही. पुन्हा ठोकल्या, पुन्हा गायब. नगराध्यक्ष ठाण्यात येऊन बसायचे. "साहेब, हे विरोधकांचं काम आहे. उचला दोघा-चौघांना." ते गेले की विरोधी नगरसेवक येऊन सांगायचे, हे सगळं अध्यक्षांचंच नाटक आहे. घरफोड्यांचे तपास तसेच पडलेले आणि मी लाकडाचे तुकडे शोधतोय. नसता ताप!

मग एका हॉटेलवाल्यानं आमच्या हवालदारांच्या कानावर घातलं की ओढ्यालगतच्या वस्तीत एका घरी खुंट्या चुलीत जळतायत. पंच घेऊन गेलो. लाल रंगाच्या टोकांच्या, अर्धवट जळलेल्या खुंट्या चुलीपाशीच सापडल्या. घरातला तरुण मुलगा पुढं आला. "मीच उपटल्या," म्हणाला.

हा नागापूरच्या एमआयडीसीत नुकताच लागलेला. कायम होण्यासाठी त्याला आमच्याच ठाण्याचा चारित्र्याचा दाखला हवा होता. गुन्हा नोंदला की नोकरी गेली, हे त्याला पक्कं माहीत होतं. ठाण्यात आणून विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून?" माझा आवाज चढला, तरी "मीच उपटल्या" एवढंच. माझा अनुभव असा, की कबुली देणारा माणूस कारण आधी सांगतो. हा कारणच सांगेना. तिथं मला शंका आली.

दुपारी त्याची आई आली.

"सायब, पोराला सोडा. खुंट्या आमी उपटल्या. वस्तीतल्या धा-बारा बाया हुतो."

"कशासाठी, बाई?"

ती लेकाकडं बघून पदर सावरू लागली. आमच्या वयस्कर हवालदारांना उमगलं असावं, ते मुलाला घेऊन बाहेर गेले.

"तुमच्या घरात संडास हाय न्हवं?" ती म्हणाली. "आमच्या वस्तीत एक बी न्हाई. त्या रानात इमारत बांधल्याव आमी कुठं बसायचं? त्ये बी लिवा तुमच्या कागदावर."

मी लिहिलं. समज देऊन मायलेकांना सोडलं, दाखलाही दिला. मग तडक नगराध्यक्षांकडं गेलो. म्हटलं, "जागा वापरात नाही असं कुणी लिहिलं? समितीला एकदा पहाटे घेऊन जा तिथं."

अध्यक्ष दचकलेच. "पहाटे? काहीतरीच काय साहेब! त्या वेळी तिथं बायका असतात. बरं दिसतं का?"

सगळ्या समितीला ठाऊक होतं. इमारत तिथंच झाली. अध्यक्षांच्या दालनाला लागून संडास आहे, इमारतीभोवती काचा लावलेली उंच भिंत आहे. बायका डांबरी रस्त्याच्या कडेला जाऊ लागल्या. गाडीचा उजेड आला की बिचाऱ्या उठून उभ्या राहायच्या.

त्या प्रकरणानं मला एक सवय लावली. कुठल्याही कागदावर 'निरंक' किंवा 'वापरात नाही' दिसलं, की मी आधी तिथल्या बायकांना विचारायचो. पण त्या बायकांसाठी मला काय करता आलं? आमच्या ड्रायव्हरला बजावलं, पहाटेच्या गस्तीची जीप त्या रस्त्यानं न्यायची नाही.

ड्रायव्हर गावातलाच. गाडी पुसता पुसता म्हणाला, "म्या कवाच बंद केलं सायब. आमच्या घरच्या बी तिथंच असत्यात."