सहाव्या विषयात बेचाळीस लाख

सी प्रोग्रामिंगने मला दोनदा आपटलेलं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा विषय, आणि त्याची केटी, म्हणजे राहिलेला विषय, मी दुसरं पूर्ण वर्ष टिटवाळ्याहून कल्याणच्या कॉलेजात वागवत होते. या खेपेला प्रॅक्टिकलमध्ये उडाले असते, तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. बाबांनी स्पष्ट सांगितलेलं, "मग पुरे झालं शिक्षण. खोपटला मावशीच्या मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस दाखवायला बस." मावशी चांगलीच आहे हो, पण मला नव्हतं बसायचं!

आमच्याकडे जर्नल लिहायची एक पद्धत होती. प्रोग्राम कॉम्प्युटरवर करून बघतंय कोण? सीनियरचं सही झालेलं जर्नल आणायचं आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचं. प्रोग्राम, त्याखाली आऊटपुट, सगळं. त्या सीनियरने त्याच्या सीनियरचं उतरवलेलं. सरही पानं भरलीत एवढंच बघून सही ठोकायचे.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक मॅडम आलेल्या. माझं नशीब बघा, गठ्ठ्यातलं माझंच जर्नल उघडलं, तेही नेमकं अॅरेच्या पानावर. पाच विषयांचे मार्क एका अॅरेत, म्हणजे ओळीतल्या घरांत, ठेवायचे आणि ओळीने छापायचे, एवढा साधा प्रोग्राम.

"विषय पाच आणि मार्क सहा?" मॅडम म्हणाल्या. "आणि सहाव्या विषयात बेचाळीस लाख? वा! हुशार आहे मुलगी."

पहिल्या वर्षाची सगळी पोरं हसली. मॅडमनी दुसरं जर्नल उघडलं. त्यातही बेचाळीस लाख. तिसऱ्यातही तेच, शेवटच्या आकड्यापर्यंत तेच. मग कोणी हसेना.

"यात केटीवाली कोण आहे?"

मीच. दुसरं कोण असणार! उभी राहिले. हा आकडा आला कुठून, असं त्यांनी विचारलं. थाप सुचली असती तर मारली असती, खोटं कशाला बोलू. पण डोकं बंद पडलेलं. तोंडातून खरंच निघालं, "मॅडम, कॉपी केलंय. सीनियरच्या जर्नलमधून."

"नक्कल करायलाही अक्कल लागते," त्या म्हणाल्या. "बस इथे. करून दाखव."

बसले. अॅरे डिक्लेअर केला, चौकोनी कंसात पाच लिहिलं, पाच मार्क भरले, एकेक घर छापत जाणारा लूप जर्नलमधला जसाच्या तसा टाइप केला. रन केलं. पाच मार्क बरोबर आले आणि सहावा आकडा भलताच. बेचाळीस लाख नव्हेच! मी बघतच राहिले. अगं, जर्नलात एक आणि इथे दुसरंच येतंय म्हणजे ते आपलं नाहीच की!

"मॅडम, घरं पाचच मागितलीत," मी हळूच म्हटलं. "त्यांचे नंबर शून्य ते चार. लूप पाचपर्यंत जातोय, म्हणजे सहाव्या घरात. ते आपलं नाही. तिथे जे काय पडलेलं असेल ते छापतोय."

"मग?"

लूपच्या अटीत 'पाचपेक्षा कमी किंवा बरोबर' होतं, त्यातलं बरोबरचं चिन्ह मी खोडलं. पुन्हा रन केलं. पाच मार्क, खाली काही नाही. इतकी स्वच्छ स्क्रीन मी जन्मात बघितली नव्हती.

"एवढं कळतंय तर दोनदा नापास कशी झालीस?"

"कधी रन करून बघितलंच नाही, मॅडम."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुटलीस. बाहेर जाऊन बोंबलू नकोस."

हुश्श! जिन्यात आले आणि भिंतीला टेकून रडले, चक्क हुंदके देऊन. डोळे पुसून बाबांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बाबा, निघाली केटी."

म्हणाले, "थांब हं, जरा बसतो." सकाळपासून ते फोन हातात धरून उभेच होते, हे आईने मला नंतर सांगितलं.