आमच्यात नाय कोणाला

केमो सुरू करण्याआधी डॉक्टरांनी मला विचारलं होतं, घरात आधी कोणाला कॅन्सर, कोणाला या औषधांचा त्रास? उत्तर दिलं आईने. "आमच्यात नाय कोणाला." दर रविवारी बुवापाड्याच्या विहारात पंचशील घेणारी, खोटं बोलणार नाही म्हणून हात जोडणारी माझी आई. मी कशाला शंका घेऊ?

पहिल्याच फेरीत माझं तोंड आतून सोललं. तळहातांची सालं निघाली, जुलाब थांबेनात, पांढऱ्या पेशी तळाला गेल्या. ॲडमिट व्हावं लागलं. माझं तोंड बघून आई रडता रडता बोलून गेली, "तुझ्या मावशीचं पण केमोनं अस्संच झालेलं."

मावशी काविळीने गेली, असंच आम्हाला लहानपणापासून सांगितलं होतं.

मग रक्ताच्या तपासणीत कळलं. हे औषध शरीरात मोडून काढणारं एन्झाइम माझ्यात कमी, कारण त्याच्या जीनमध्ये जन्मापासूनच खोट. औषध नुसतं साठत गेलं. आधी कळलं असतं तर डोस कमी केला असता, नाहीतर औषधच बदललं असतं. "मुलीचीही तपासणी करून घ्या," डॉक्टर म्हणाले.

"मावशीचं कळलं असतं तर तुम्हा बहिणींना कोणी केलं असतं?" आईचं उत्तर तयार होतं. अगं, माझं लग्न होऊन पोरगी नोकरीला लागली, तरी तुझं तोंड उघडेना? लोक काय म्हणतील म्हणून पोटच्या पोरीला मरणाच्या दारात नेऊन ठेवलंस. पुढे कितीतरी दिवस मला तिचा हात अंगाला लागलेला सहन होत नव्हता.

मी हिंडूफिरू लागले तेव्हा मुलीला बघायला बदलापूरहून पाहुणे आले. मुलाच्या आईची नजर माझ्या तळहातांवर गेली. मी बोलणार, तेवढ्यात मुलगी हसून म्हणाली, "मम्मीला साबणाची ॲलर्जी आहे." आवाज अगदी आजीचा. तपासणीचं लग्नानंतर बघू, हेही आजी-नातीने परस्पर ठरवून टाकलं होतं.

मी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"ॲलर्जी नाही. मला कॅन्सर झाला होता, आणि केमोने मी मरता मरता वाचले. ते औषध अंगाला न सोसण्याचा जन्मजात दोष हिच्यातही असू शकतो. तपासणी आम्ही आधी करणार."

आईने तोंडाला पदर लावला. मुलगी माझ्याकडे बघत राहिली, हॉस्पिटलच्या खाटेवरून मी आईकडे बघितलं होतं तशी.