नुसत्या टाक्यांवरची चाकं

आमच्या चिंचवडच्या शेडचा एक साधा रिवाज होता. रंग लागला म्हणजे काम झालं. ह्यांनी वेल्डिंग करून माल दाराजवळ लावायचा आणि गुरुवारी, कारखान्यांची वीज बंद असायची त्या दिवशी, मामंजींनी ब्रश घेऊन तो रंगवायचा. गिऱ्हाईक यायचं आणि रंगवलेला माल बिनघोर उचलून न्यायचं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

माझ्या थोरल्या भावाकडे, दादाकडे, लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती. चाकणच्या पलीकडच्या वाड्यांवर तो माणसं पोचवायचा. चिखलात गाडी रुतू नये म्हणून हवा कमी केली, की टायर रिमवरून निसटायचं. त्याने ह्यांना गळ घातली, की रिमला एक जाड लोखंडी रिंग वेल्ड करा आणि तिच्यावर दुसरी बोल्टांनी आवळा, म्हणजे टायरची कड दोन्हींच्या मध्ये पक्की धरली जाईल. हे मागच्या दोन चाकांच्या कामाला लागले. मेव्हण्याचं काम, म्हणून जरा जास्तच मन लावून. रिंग एका दमात वेल्ड केली तर तापून वाकडी होते. म्हणून आधी थोड्या थोड्या अंतरावर नुसते टाके मारायचे, चाक फिरवून बघायचं, आणि सरळ फिरलं तरच पूर्ण वेल्ड करायचं. बुधवारी टाके मारून झाले आणि वीज गेली. उरलेलं शुक्रवारी करू म्हणाले, आणि गुरुवारी पहाटे सासवडला लग्नाला गेले. चाकं राहिली दाराजवळच.

शुक्रवारी दुपारी आले ते थेट शेडमध्ये शिरले. चाकं कुठायत म्हणून विचारलं, तर मामंजी शांतपणे म्हणाले, रंगवून ठेवली होती, काल संध्याकाळी तुझा मेव्हणा घेऊन गेला. मी म्हटलं, बरं झालं, एकदाची कटकट मिटली. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं, ती नुसत्या टाक्यांवर आहेत."

मला त्यांच्या कामातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या आवाजावरून एवढं कळलं, की टाके तुटले तर टायर रिमवरून निखळणार आणि गाडी उलटणार. खरं सांगते, त्या क्षणी मला दोघांचाही असा संताप आला होता! पण भांडायला वेळ कुठला? दादाकडे फोन नव्हता. मी होते त्या साडीत ह्यांच्या मागे स्कूटरवर बसले.

तळवड्यावरून इंद्रायणी ओलांडली. चाकणच्या अलीकडच्या उतारावर समोरून जीपच आली. दादा चालवत होता आणि शेजारी त्याच्या दोघी पोरी पुढच्या दांडीला धरून उभ्या होत्या. आम्हाला बघून त्याने हात हलवला आणि गेला की सुसाट पुढे. ह्यांनी स्कूटर वळवून मागे घातली, हॉर्न वाजवला, हाताने सावकाश, सावकाश असं खुणावलं. पठ्ठ्याला वाटलं, दाजी शर्यत लावताहेत. त्याने जीप आणखी पळवली. पोरी टाळ्या पिटत होत्या. मी ओरडत होते, मेल्या थांब, थांब, पण वाऱ्यात कुणाला काय ऐकू जाणार? जीव नुसता मुठीत धरला होता. उतार संपल्यावर रसवंतीपाशी तो हसत थांबला.

ह्यांनी स्कूटर उभी केली. चाकाशी बसून हवा सोडली, पान्याच्या टोकाने रंग खरवडला. निम्म्याच्या वर टाके तुटलेले. पान्याचं टोक फटीत घालून जरा दाबलं, तर रिंग रिमपासून बोटभर सुटून आली. दादाचं हसू तिथल्या तिथे विरलं. ह्यांनी त्याला सगळं सांगितलं, वीज गेल्याचं, लग्नाचं, मामंजींचं. तो ऐकत होता, पण नजर त्या फटीवरून हलत नव्हती. त्या उतारावर एवढ्याशा लोखंडावर दोन पोरी उभ्या होत्या.

धाकटीला ह्यांचा भारी लळा. तिने सवयीने जीपमधून ह्यांच्याकडे हात पसरले. हे उठले, हात पँटला पुसले आणि तिला घ्यायला पुढे झाले. दादा मध्ये आला.

"राहू द्या दाजी," तो हळूच म्हणाला. "मी घेतो."