दोन बोटांचा ड्रायव्हर

माझ्या नवऱ्याला टायपिंग येत नाही. दोन हातांची दोन बोटं, आणि तीही एकमेकींना विचारून पुढे सरकणारी. इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवणाऱ्या या माणसानं एका उन्हाळ्यात ठरवलं, की आपण स्वतःची ऑपरेटिंग सिस्टम लिहायची. आणि तिच्या गाभ्यात, ज्याला तो कर्नल म्हणतो तिथे, सगळ्यात आधी कीबोर्डचा ड्रायव्हर बसवायचा. पोहता न येणाऱ्यानं विहीर बांधायला घ्यावी तसं हे होतं, पण त्या घरात हे फक्त मलाच दिसत होतं.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे त्यानं सासूबाईंना एकदा जेवताना समजावलं.

"आई, तू कळ दाबली तं ते कोनती दाबली हे कॉम्प्युटरले कोन सांगन? मधात एक मानूस लागते. थो मानूस मी लिहून राहिलो."

"अन् आतापर्यंत कोन सांगत होतं मंग?" सासूबाईंनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. आतापर्यंत विकतची सिस्टम सांगत होती आणि तिच्याबद्दल घरात कोणाची काही तक्रार नव्हती. पण त्याला ते असं आयतं नको होतं. त्यानं ताटात हात धुतला आणि पुन्हा लॅपटॉपसमोर जाऊन बसला.

मला मात्र टायपिंग येतं. लग्नाआधी अकोल्याला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर क्लास होता, तिथे मी शिकले. आमच्या मॅडम हातांवर रुमाल टाकायच्या आणि वर पाहून टाइप करायला लावायच्या. जी मुलगी खाली पाहील तिला म्हणायच्या, "काऊन वं, कळा पळून चालल्या का?" सर्टिफिकेट मिळालं, लग्न झालं, अमरावतीला आले आणि ते सर्टिफिकेट साड्यांखाली गेलं. मग लिपिक-टंकलेखकाची जाहिरात आली. वयाच्या अटीत बसणारी माझी ही शेवटची. लेखी परीक्षेत मी पास झाले. उरली होती ती फक्त टायपिंगची चाचणी, केंद्र अकोला.

मला ती नोकरी हवी होती. उगाच मोठमोठी कारणं सांगत नाही. सकाळी स्वतःचा डबा भरून मला घराबाहेर पडायचं होतं. दुसऱ्याचा डबा भरून त्याला बाहेर पडताना मी पुरेसं पाहिलं होतं.

घरात एक जुना डेस्कटॉप होता, गोल पिनेच्या कीबोर्डचा. त्यावर माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर होतं. लेखीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी राजापेठेतून भाजी घेऊन आले, तशीच सरावासाठी डेस्कटॉपपाशी गेले, तर पडदा काळा. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

"अजी, माहं टायपिंग कुठं गेलं?"

"पुसलं ना," तो आनंदानं म्हणाला. "माही सिस्टम खऱ्या मशीनवर चालते का नाही हे पाहाले मशीन तं लागन!"

मी हातातली पिशवी खाली ठेवली नव्हती हे मला टोमॅटो घरंगळल्यावर कळलं. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. सासूबाई उठून गच्चीवर गेल्या एवढं सांगते. तो शांतपणे ऐकत होता आणि माझं संपल्यावर म्हणाला, "तू माह्याच सिस्टमवर सराव कर. तुहा सराव होईन, माही टेस्टिंग होईन." मी म्हटलं, मग मला इथेच एखादा क्लास लावू द्या. तर म्हणे, घरात मशीन असताना क्लास कायले?

आणि मग त्यानं असं काही केलं की मला धड भांडताही येईना. त्याच्या सिस्टमला मराठी अक्षरं येत नव्हती. दुपारच्या दुपार कूलरसमोर बसून त्यानं चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर ठिपक्यांनी काढलं आणि आत घातलं. टाइपरायटरवर असतं तसंच, एका कळीला एक आकार: अर्धा श वेगळा, काना वेगळा, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. माझ्या क्लासात होतं अगदी तसं. त्याचा ळ जिलबीसारखा आला होता आणि क्ष कोणीतरी दारात चेंगरल्यासारखा. पण त्यानं ते माझ्यासाठी केलं होतं. माणसावर मनसोक्त चिडायचं तर तो पूर्ण नालायक तरी असावा. माझ्या नशिबात तेही नव्हतं.

पहिल्या दिवशी मी 'जिल्हाधिकारी कार्यालय, अमरावती' असं टाइप केलं. पडद्यावर आलं 'जलधकर कायल अमरत'.

"चुकली तू," तो म्हणाला.

"मी नाही चुकली."

"सरक." तो बसला. एक बोट, मग दुसरं बोट, मग पहिलं. तेवढ्यात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. पडद्यावर जिल्हाधिकारी कार्यालय अगदी काना-मात्रेसकट उभं राहिलं. "पाह्य! बराबर येते का नाही?"

त्यातलं मर्म मला दोन दिवसांनी कळलं, तेही त्यानं सांगितल्यावर. कीबोर्ड प्रत्येक कळीबद्दल दोनदा बोलतो. एकदा सांगतो, दाबली. मग सांगतो, सोडली. नवऱ्याचा ड्रायव्हर एका कळीचं 'दाबली' ऐकायचा आणि तिचं 'सोडली' येईपर्यंत दुसऱ्या कोणाचं ऐकायचाच नाही. मधे जी कळ दाबली गेली ती गेली. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याची कळ नेहमी पूर्ण वर येते, मगच तो पुढची शोधायला निघतो. त्याला हा दोष दिसणार कसा? पण माझं एक बोट अजून वर येत असतं तेव्हा दुसरं खाली पोचलेलं असतं. टायपिंग म्हणतात ते यालाच. शिफ्टचं तर आणखी वाईट. शिफ्ट सोडल्याचं त्याच्या कानावर पडलं नाही की तो ती दाबलेलीच धरून चालायचा, आणि पुढची सगळी ओळ भलत्याच अक्षरांची उमटायची.

त्यानं हे सगळं मान्य केलं, अगदी कौतुकानं. "लय भारी बग सापडला," असं म्हणाला. माझ्या परीक्षेच्या सरावाचं वाटोळं झालं होतं आणि हा माणूस खूश होता.

मग सुरू झालं 'आता पाह्य'. तो कॉलेजातून यायचा, चहा घ्यायचा, काहीतरी बदलायचा आणि हाक मारायचा, "आता पाह्य." मी कणकेचे हात धुऊन जायची, उतारा टाइप करायची, अक्षरं गळायची. "हम्म," असं म्हणून तो डोकं खाजवायचा. पुन्हा थोड्या वेळानं "आता पाह्य." चुकलेलं पुसायची सोय नव्हती, कारण बॅकस्पेस त्यानं लिहिलाच नव्हता. ते म्हणे पुढच्या टप्प्यात. मी विचारलं, माझी परीक्षा कोणत्या टप्प्यात आहे? त्यावर तो हसला. मला आजही त्या हसण्याचा राग येतो.

पण हळूहळू फरक पडायला लागला. आधी शिफ्ट अडकायची थांबली. मग गळणारी अक्षरं कमी झाली. तीन-चार आठवड्यांत अशी वेळ आली की मी अख्खा उतारा टाइप करावा आणि एकही चूक नसावी. तो उतारा वरून खाली वाचायचा, मग खालून वर वाचायचा, आणि म्हणायचा, "सुधरला ना बाप्पा ड्रायव्हर!" एके संध्याकाळी त्यानं गिला वडा आणला. सासूबाईंनीही खाल्ला, नातू झाल्यासारख्या चेहऱ्यानं.

खोटं कशाला सांगू, मीही खूश होते. चुका शून्य म्हणजे काही कमी नाही. एकदा मी म्हटलं, "स्पीडचं काय पण?"

"चुका नसल्या का स्पीड आपोआप येते," तो म्हणाला.

दोन बोटांच्या माणसाचा टायपिंगबद्दलचा सल्ला, आणि मी तो मुकाट्यानं ऐकला. माझ्या मनात होतं, वेग तर माझ्या बोटांत आहेच, सर्टिफिकेटवर लिहिलेला आहे, तो कुठे जातोय?

चाचणीच्या आदल्या दिवशी मी अकोल्याला आईकडे गेले. सकाळी केंद्रावर रांग, मोबाईल बाहेर, ओळखपत्र पाहून आत. कॉम्प्युटर नवे होते, कीबोर्ड मऊ. उतारा शेततळ्यांच्या कसल्याशा योजनेवरचा होता, सोपा. सुरू करा म्हणाले, आणि टिनावर गारा पडाव्या तसा सगळ्या खोलीत कळांचा आवाज सुरू झाला.

माझा आवाज त्यात येत नव्हता. मला तो वेगळा ऐकू येत होता. टक. टक. टक. एकेक, सुटा.

मी बोटांकडे पाहिलं. मॅडमचा रुमाल आठवला तरी पाहिलंच. कळ पूर्ण वर आल्याशिवाय माझं दुसरं बोट खाली जातच नव्हतं. ते कळीच्या वर येऊन थांबायचं, आधीची सुटण्याची वाट पाहायचं आणि मग दाबायचं. तिथे माझा नवरा नव्हता, त्याचा ड्रायव्हर नव्हता. समोर चांगला, कोणाचंही ऐकून घेणारा कीबोर्ड होता. तरी माझी बोटं परवानगीसाठी थांबत होती. मी त्यांना रेटलं, तर ती एकमेकींत अडकली आणि चुका व्हायला लागल्या. परत हळू केलं तर वेळ चाललेला. शेवटचा परिच्छेद तसाच राहिला आणि पडदा आपोआप बंद झाला.

येताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती. मूर्तिजापूर येईपर्यंत मी मांडीवरच्या पर्सवर टाइप करून पाहत होते. पर्सवरही बोटं थांबतच होती. मला त्या गाडीत मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. ड्रायव्हर सुधारला नव्हता. तो जिथे अडतो तिथे थांबायला माझी बोटं शिकली होती, मला न विचारता, आणि घरात आम्ही तिघांनी त्यावर गिला वडा खाल्ला होता.

निकालात माझ्या नावापुढे 'अपात्र' होतं. नवऱ्याला खरंच वाईट वाटलं. "उताराच कठीन असन," तो म्हणाला. "नशीब असते वं एकेकाचं." बोलायला लागले असते तर पुसलेल्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्यानं मधेच म्हटलं असतं, पण ड्रायव्हर तं चालत होता. ते वाक्य मला ऐकायचं नव्हतं.

ते वाक्य मी पुढच्या रविवारी ऐकलंच. त्याच्या कॉलेजातले एक सर सिस्टम पाहायला आले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो सांगत होता, "कीबोर्ड ड्रायव्हर तं एकदम पक्का झाला सर. घरच्यांनीच टेस्ट केला. महिन्याभरात एक बग नाही."

मी ट्रे टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "सरका जरा."

तो कौतुकानं सरकला. मी बसले आणि शेततळ्यांचा तो उतारा आठवेल तसा टाइप करायला घेतला. पहिली ओळ बोटं आडवीतिडवी झाली. त्यांना थांबायचं होतं, मी थांबू दिलं नाही. दुसऱ्या ओळीला ती जराशी सैल झाली. तिसरीला माझ्या कानांनी तो जुना आवाज ऐकला, एकात एक मिसळलेला. पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा होत होता. वेलांट्या निराधार, काने गायब, मग कधीतरी शिफ्ट अडकली आणि खालची सगळी ओळ त्या चेंगरलेल्या क्ष सारख्या अक्षरांनी भरत गेली. सरांनी कप उचलला आणि कपातच पाहत राहिले.

"अवं, हळू, हळू!" नवरा म्हणाला. "असं काऊन करून राहिली? आतापर्यंत तं किती चांगला चालत होता!"

"चालत नव्हता जी," मी म्हटलं. "मी चालवून घेऊन राहिली होती. अकोल्याले बी माह्या बोटायनं तेच केलं."

त्यानं पडद्यावरून नजर काढली आणि पहिल्यांदाच माझ्या बोटांकडे पाहिलं. ती मी थांबवली नव्हती.