सागाची फळी

कानिफनाथला एका जागी बसवत नसे. पंगतीत बसला तरी त्याचा गुडघा हलत राहायचा. विशीत त्याने पुणतांब्यातलं बापाचं सुतारकाम सोडलं आणि कोपरगावच्या एका बेकरीत कामाला लागला. एक दार रंध्याखाली आठ-आठ दिवस चालायचं, त्याला तेवढा दम निघत नसे. बेकरीत सकाळी मळलेलं दुपारी भट्टीतून हातात यायचं.

बाप आसाराम. सगळं गाव त्यांना आबा म्हणे. पोरगा निघाला तेव्हा ते एवढंच बोलले होते, "मी केल्यालं दार नातवंडं उघडत्यात. तुझं काम सांजपातुर बी ऱ्हायचं न्हाई."

हे वाक्य कानिफच्या अंगात कुसळासारखं रुतून बसलं होतं. पुढे त्याचा केकवर हात बसला, लग्नाकार्याची मोठी कामं त्याच्याकडे येऊ लागली. तो घरी केक न्यायचा, पोरं खायची. आबा भाकरी मोडत राहायचे. एकदाही मान वळवून पाहिलं नाही.

शहाण्णवच्या थंडीत चुलतभाऊ सहादेव बेकरीत आला. तो आबांच्याच हाताखाली तयार झालेला सुतार.

"विश्वकर्मा जयंतीला आबांची पंच्याहत्तरी करायची म्हणतोय," तो म्हणाला. "केक आन. पर ती गुलाबी फुलंबिलं नको. म्हातारा ढुंकून बघायचा न्हाई."

"मग काय काढू? करवत?"

"काढ की. दात मोजून काढ म्हंजे झालं. आबा मोजत्यात."

सहादेव हसत गेला. कानिफला मात्र ते हसण्यावारी नेता येईना. आबा कशाकडे बघतात? आबा लाकडाकडे बघतात. मग लाकूडच करायचं. सागाची फळी.

जयंतीच्या आदल्या दिवशी त्याने लांबट केक भाजून थंड केला. आयसिंगमध्ये कोको आणि जळकी साखर घालून सागाचा फिका रंग आणला आणि ते पात्याने सपाट ओढून घेतलं. वर गडद रंगाचे बारीक पट्टे टाकले आणि काटाचमचा लांबीने ओढला. मागे सरकून पाहिलं. पाभरीच्या काकऱ्या दिसत होत्या. सगळ्या रेषा एका अंतरावर, एका जाडीच्या. शेत झालं होतं, लाकूड नाही.

खरवडलं. कंगवा घेतला, त्याचे काही दात मोडले, काही ठेवले. जरा बरं आलं. पण हात थांबत थांबत चालला होता आणि जिथे थांबला तिथे रेषेला गुठळी आली होती. पुन्हा खरवडलं.

"कानिफ, त्या केकला मुंग्या लागायच्या आधी दे रे," मालक गल्ल्यावरून म्हणाले.

तो येरझारा घालू लागला. मळायच्या टेबलाला टेकला, तेव्हा तळव्याला काहीतरी लागलं. टेबल जुन्या सागाचं होतं. इतकी वर्षं रोज त्यावर पीठ मळलं, पण त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. त्याने ओल्या फडक्याने पीठ पुसलं आणि वाकून बघितलं. रेषा मध्ये विरळ होत्या, कडेला दाट. एखादी निघायची आणि मध्येच संपायची. गाठीपाशी सगळ्या दोन बाजूंना फाकायच्या आणि पुढे पुन्हा जवळ यायच्या. आबांनी लहानपणी बोट धरून हेच दाखवलं होतं. "गाठ म्हंजी फांदीची जागा. रेघ गाठीतनं जात न्हाई. वळसा घालून जाती."

रंगकामाचा कोरा ब्रश आणून त्याने केस वेडेवाकडे कापले. श्वास धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात ओढला. मध्ये थांबायचं नाही. थांबलं की खोटं.

आलं. सागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोक्यात ठेवताना त्याचं लक्ष फळीच्या टोकांकडे गेलं. टोकांनाही त्याने आडव्या रेषाच ओढल्या होत्या. फळी कापली की टोकाला रेषा दिसत नाहीत, झाडाच्या वाढीची, वर्षावर्षाची गोल कडी दिसतात. सुताराच्या पोराने एवढं विसरावं! एसटीला थोडाच वेळ होता. दोन्ही टोकं खरवडून त्याने चमच्याच्या कडेने अर्धगोल कडी काढली. कागदाच्या कोनात थोडं गडद आयसिंग भरून घेतलं आणि ब्रश खिशात घालून पळाला.

एसटीत खोकं मांडीवर. गुडघा हलू नये म्हणून त्याने दोन्ही टाचा दाबून धरल्या होत्या. तरी एका खड्ड्यात गाडी आदळली आणि शेजारच्या म्हातारीचा डबा खोक्यावर आला. झाकण दबलं.

पुणतांब्याला उतरून त्याने स्टँडच्या बाकावर खोकं उघडलं. फळीच्या मधोमध अंगठ्याएवढा खड्डा. बुजवला तर ठिगळ दिसणार. तो उठला, बसला, पुन्हा उठला. मग खाली बसून त्याने खड्ड्यात कोनाने गडद वेटोळं घातलं. गाठ. पण रेषा तिच्यात सरळ घुसत होत्या. ब्रशच्या टोकाने एकेक रेष सोडवून त्याने तिला वळसा घालायला लावला. लोक उभे राहून बघत होते.

घरी वाकस, रंधा, पटाशी, करवत, सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती, हळदकुंकू लावून. जयंतीला सुतार लाकडाला हत्यार लावत नाही. आबा नवं धोतर नेसून शेजारी बसले होते.

खोकं उघडलं. पोरं पुढे सरसावली. आबांनी हाताने त्यांना मागे सारलं आणि आधी टोक पाहिलं. मग दुसरं टोक. मग वर.

"साग," ते म्हणाले. "कडी बराबर. मधली लांब, भायरची जवळ."

कानिफचा गुडघा हलायला लागला.

"ही गाठ मूळची का?"

"न्हाई आबा. एसटीत दबलं."

"मग रेघा वळल्या कशा?"

"वळवल्या. एकेक."

"हं."

सहादेवने सुरी आणली. "आबा, कापा. पोरं खोळंबल्यात."

आबांनी सुरी घेतली. टोकाशी नेली. हात तिथेच थांबला. त्यांनी पाटावरच्या हत्यारांकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"आज न्हाई. आज लाकडाला हत्यार लावत न्हाईत."

सहादेव फिस्सकन हसला. "आबा, केक हाय त्यो!"

"मला दिसत न्हाई व्हय?" आबा गुरकावले. कुंकवात बोट बुडवून त्यांनी फळीच्या टोकाला एक टिकली लावली आणि फळी उचलून करवतीच्या शेजारी पाटावर ठेवली. "उद्या कापू. सकाळी."

पोरांनी एकच गिल्ला केला. सहादेव त्यांना पेढ्यांनी गप्प करू लागला.

उद्यापर्यंत! कानिफ ताडकन उठला. मुंग्या लागतील. तो आतून परात आणायला पळाला, तिच्यात पाणी ओतलं, मध्ये केक टेकवायला एक वीट ठेवली. बाहेर येताना पाणी अंगणभर सांडलं.

"आरं, बस की जरा," आबा म्हणाले.

"बसतो," कानिफ म्हणाला, आणि वीट हलते का ते बघायला पुन्हा वाकला.